कढत पाकावर पाणी नाही

बाईने साचे भिजवायची बादली उचलली आणि मी तिचा हात धरला. दोन्ही हातांनी धरला. "पाणी नोको टाकू वो बाई! पाकावर पाणी नोको!" मी ओरडत होते. तिने हिसडा मारला, तिचं कोपर माझ्या दातांवर आदळलं, तरी मी सोडलं नाही. बादली कलंडली, पाणी चुलीकडे वाहत गेलं, निखारे चर्र करून विझले. आणि तिची पोरगी, पाच वर्षांची बेबी, आमच्या दोघींसमोर उभी होती. गळ्यापासून पोटापर्यंत पाक. पांढरा, घोटलेला, गाठ्यांचा पाक. तो तिच्या अंगावर थिजत होता, साच्यात थिजतो तसाच. आधी ती रडलीसुद्धा नाही. आईकडे पाहत होती, आता ही काय करते म्हणून.

मी तिच्या आईला काही करू दिलं नाही.

किती वेळ धरला असेल हात? एक साचा भरायला लागतो तितका. जास्त नाही. पण तेवढ्या वेळात साखरेचा दगड होतो, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

बाई म्हणजे माझी मोठी जाऊ, कौसल्या. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिला बाई म्हणते आणि ती मला लहानी म्हणते. आता आमची दोघींची सत्तरी उलटली, तरी मी लहानीच. सिंदीला, रेल्वेच्या सिंदीला, त्याच घरात आम्ही राहतो. घर आता विटांचं झालं, चूल गेली, गॅस आला. माझी दोन्ही मुलं नागपूरला आहेत, ये म्हणतात. मी जात नाही. का जात नाही, ते कोणी विचारलं तर मी म्हणते, तिथलं पाणी मानवत नाही.

या वर्षी होळीच्या आधी बाईची सून रेखा माळा साफ करत होती. वरून तिने लाकडं खाली टाकली, जड, काळी पडलेली. "काकू, हे कायचे लाकडं होत वो? इतके खड्डे काऊन हायेत याच्यात? भंगारवाल्याले देऊन टाकू काय?"

मी एक उचलून पाहिलं. सागवानाची दोन फळकुटं, एकावर एक बसणारी. आत कोरलेली फुलं, चौकटी, मधोमध एक मोठं पदक. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्याची खाच. गाठ्यांचे साचे. आमच्या सासऱ्यांनी, मामाजींनी, स्वतः कोरलेले. मी नाकाशी नेलं. वाटलं होतं साखरेचा वास येईल. उंदराच्या लेंड्यांचा आला. गोडाचा वास टिकत नाही. तेलाचा टिकतो, मिरचीचा टिकतो, माणसाचासुद्धा काही दिवस गोधडीत टिकतो. साखरेचा नाही.

बाई खाटेवर बसली होती. तिने साच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

माझं माहेर रोहण्याचं, आर्वीकडचं. तिथे साखर म्हणजे पाहुण्यांच्या चहापुरती. आमचा पाक गुळाचा, आणि मोहाचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोह गळायचा. आई वाळलेली मोहफुलं मडक्यात उकळायची, फडक्यातून पिळायची आणि तो रस दिवसभर आटवत ठेवायची. काळा, दाट, वासाला उग्र. ज्याला सवय नाही त्याला मळमळायचं. बाळंतिणीच्या कमरेला बळ यावं म्हणून तिला तो भाकरीसोबत द्यायचे, आणि गाय विऊन उभी राहत नसली तर गाईलाही. आई म्हणायची, "बाईले आन गाईले एकच औषध, देवाने फरक केला नाई तं आपण काऊन करावा?"

गुळाचा पाक तर सगळ्यालाच. खोकल्याला आल्याचा रस आणि गूळ, चाटण होईपर्यंत आटवलेला. उन्हाळ्यात आंबाडीच्या फुलांच्या आंबट पाण्यात. पेरणीआधी तुरीच्या बियाण्याला औषध चिकटावं म्हणून गुळाचं कोमट पाणी वडील हाताने चोळायचे, आणि आम्ही पोरी त्यांची बोटं चाटायला बघायचो म्हणून रपाटा खायचो. भिंतीच्या चुन्यातसुद्धा गूळ पडायचा. आमच्या घराची भिंत मी लहानपणी चाटून पाहिली आहे. खारट लागली.

गुळाच्या पाकाला वेळेची घाई नसते. थोडा पुढे गेला तर चिक्की होते, मागे राहिला तर भाकरीला लावायला होतो. काहीही झालं तरी खाता येतो. साखरेच्या पाकाला ती दया नाही, हे मला सिंदीला आल्यावर कळलं.

सासरी संक्रांत झाली की गाठ्यांचं काम सुरू व्हायचं, ते पाडव्यापर्यंत. आमच्याकडे होळीला लेकराच्या गळ्यात गाठी पडलीच पाहिजे. मामा आणतो, आत्या आणते, शेजारी आणतात. घरातल्या नव्या जन्मलेल्याला तर पहिल्या होळीला इतक्या गाठ्या येतात की लेकरू दिसत नाही. रंग खेळून झाला की पोरं त्याच गाठ्या कुरतडत हिंडतात, आणि उरलेल्या मडक्यात झाकून ठेवतात. वैशाखात ऊन लागलं की त्यातली दोन पदकं पाण्यात विरघळवून द्यायची. आमच्या भागातलं ऊन ज्याने पाहिलं नाही त्याला ते गोड पाणी काय असतं ते कळणार नाही. डोळ्यांपुढची काजळी हळूहळू निघून जाते, तसं असतं.

सिंदी तेव्हा कापसाने भरलेली असायची. गाड्यांच्या रांगा, बैलांच्या घंटा, जिनिंगमधून उडणारी रुई. ती रुई आमच्या अंगणात यायची, पाकात पडायची. म्हणून मागच्या पडवीत, चारी बाजूंनी जुनी लुगडी बांधून, आम्ही काम करायचो. आत भट्टीचा उकाडा, बाहेर माघातलं गार वारं. पॅसेंजरची शिट्टी ऐकून आम्हाला वेळ कळायची.

काम माझी सासू शिकवायची. आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. मोठ्या कढईत साखर आणि पाणी. उकळी आली की त्यात पावशेर दूध. दूध पडलं की सगळी मळी वर यायची, राखाडी, फेसाळ, साबणाच्या पाण्यासारखी. ती झाऱ्याने काढायची. इतकी पांढरी साखर, तिच्यातून एवढी घाण निघते हे पाहून मी पहिल्या दिवशी तोंडाला पदर लावला होता. मग तार बघायची. पाकाचा थेंब अंगठा आणि बोटात धरून बोट उघडायचं. एक तार आली तर बुंदीला. दोन आल्या तर पाकातल्या पुऱ्यांना. गाठीला त्याच्याही पुढे, पाण्यात टाकला तर गोळी व्हावी असा. आत्याबाई थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून बघायच्या, तो थेंब वाटीच्या काठाला वाजवायच्या. टक. त्या आवाजावर कढई उतरायची.

मग लहान कढईत थोडा थोडा घ्यायचा आणि लाकडी पळीने कडेला घोटायचा. घोटता घोटता काचेसारखा पाक दुधासारखा होत जातो. तो क्षण गाठावा लागतो. एक घोट जास्त झाला की कढईतच दगड. एक कमी झाला की साच्यात चिकटतो. भिजवून ठेवलेला साचा, त्यात दोरा, आणि वरून धार. वीसपर्यंत मोजलं की साचा उघडायचा. आत फुलांची माळ. दर वेळी बरं वाटायचं. मी काही देवधर्म करणारी बाई नाही, पण साचा उघडताना मात्र मी श्वास धरायची.

पहिल्या साच्यातली पहिली गाठी बेबीची. ती तिथेच बसलेली असायची, साच्यांच्या टोपलीमागे, लुगड्याच्या पडद्याला टेकून. मला ती नवी काकू म्हणायची, मी चार वर्षांची जुनी झाले तरी.

"नवी काकू, माह्यं पदक मोठं करजो बरं. मागच्या वेळी लहानसं केल्तं."

"तुह्यं पदक बैलाच्या घंटीएवढं करतो. गयात घातलं का मान मोडन तुही."

"मोडू दे. मी मान धरून खाईन."

"आन गुलाबी करू का पांढरं?"

"अर्धं अर्धं."

"अर्धं अर्धं व्हत नाई वो बाप्पा, साचा एकच राह्यते."

"मंग दोन दे."

बाई पळी फिरवता फिरवता हसायची. "लहाने, तिच्या नादी नोको लागू. थे दोन घेऊन तिसरी मागते." तान्ह्या पोळ्याला पोरं ओढत नेतात तो लाकडी बैल बेबीने आत आणून ठेवला होता, आणि उरलेल्या तुकड्यांची माळ त्याच्या गळ्यात घातली होती. मुंग्या लागल्या. तिने मुंग्यांसकट माळ खाल्ली आणि म्हणाली, आंबट लागते.

आत्याबाईचे नियम तीन. उतरलेल्या कढईकडे पाठ करायची नाही. साच्याजवळ चपला नाहीत. कढत पाकावर पाणी नाही. तिसरा नियम मला लाथ खाऊन कळला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी हात धुऊन आले आणि ओल्या बांगड्यांसकट कढईवर वाकले. चार थेंब पडले असतील. पाक फाट करून उडाला, आत्याबाईच्या भुवईवर आणि गालावर. त्यांनी तोंडावर एक हात धरला आणि पायाने मला मागे ढकललं. "पाणी! पाकावर पाणी! मारतं का सगळ्यायले?" त्यांच्या गालावरचा डाग त्या जाईपर्यंत होता. रुपयाएवढा, गुळगुळीत. जेवायला वाढताना तो डाग माझ्या समोर यायचा. त्या दिवसापासून मी कढईजवळ ओला हातसुद्धा नेला नाही. मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं, पाकावर पाणी नाही.

कढई कशी कलंडली ते मला विचारू नका. पन्नास वर्षांत घरातल्या प्रत्येकाने वेगळं सांगितलं. मी एवढंच सांगते की कढई उतरवलेली होती आणि तिच्याकडे माझी पाठ होती. होळीला पाच दिवस होते. बाहेर बैलगाडीवाला कोणाला तरी शिव्या देत होता. दुपारची पॅसेंजर नुकतीच गेली होती. मागे आवाज झाला, लोखंडाचा, घसरल्यासारखा. मी वळले तेव्हा बेबी उभी होती आणि बाई बादली उचलत होती.

बाकी तुम्हाला सांगितलं.

मग पाक थंड झाल्यावर आत्याबाईंनी तो सोलून काढला. त्याच्यासोबत काय निघालं ते मी लिहीत नाही. चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल फेटून लावलं. बेबी आता रडत होती, एकसारखी, बारीक. घरातले पुरुष आले, खाटेवर घालून स्टेशनात नेलं, संध्याकाळच्या गाडीने वर्ध्याला, मोठ्या दवाखान्यात. बाई सोबत गेली. तिच्या लुगड्याचा काठ पाकाने कडक झाला होता. चालताना तो खडखड वाजत होता.

आणि मी कढई घासायला बसले.

हे सांगायला मला लाज वाटते, पण खरं आहे. घरी साखर भिजलेली होती. होळी तोंडावर होती. दुकानदारांना शब्द दिलेला होता. आत्याबाई म्हणाल्या, "बसून काय व्हनार?" आम्ही दोघींनी दुसऱ्या दिवशी पुन्हा भट्टी पेटवली. त्या दिवशीच्या गाठ्या इतक्या पांढऱ्या झाल्या की तशा पुढे मागे कधी झाल्या नाहीत. पहिली गाठी साच्यातून काढली आणि दोघींच्याही लक्षात आलं की ही कोणाला द्यायची ते ठरलेलं नाही. आत्याबाईंनी ती मोडली आणि उकळत्या कढईत परत टाकली.

तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन वर्ध्याला गेले. बेबीला जाळीखाली ठेवलं होतं. खाटेच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या होत्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. मला पाहून ती म्हणाली, "नवी काकू, माह्यं पदक केलं का?" मी म्हटलं, केलं. "अर्धं अर्धं?" मी म्हटलं, हाव.

बाई तोंड धुवायला गेली तेव्हा तिथल्या नर्सबाईने मला विचारलं. वयस्कर होती, कपाळावर मोठं कुंकू. "तुमी होता का तिथी, भाजलं तवा?"

"होतो."

"लगेच पाणी काऊन नाई टाकलं वो? पाक कातडीले चिकटून राह्यते. वरून थंडा दिसते, आतून जाळत राह्यते. भडाभडा पाणी टाकाव लागत होतं."

"पाणी टाकलं असतं तं वाचली असती?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "अजून मेली नाई थे. असं काऊन बोलता?" मग डबा हातात घेतला आणि म्हणाली, "कमी जळली असती. एवढंच सांगू शकतो."

बाई पदराने तोंड पुसत आली. नर्सबाई गेली. मी डबा उघडून भात कालवला. नर्सबाई जे बोलली ते मी तेव्हा सांगितलं नाही. नंतरही नाही.

होळीच्या दिवशी मी पुन्हा गेले. दवाखान्याच्या आवारात लेकरं गाठ्या घालून फिरत होती. बेबीच्या खाटेच्या लोखंडी दांड्याला एक गाठी टांगलेली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईने टांगली होती, लेकराचा सण आहे म्हणून. मी जवळून पाहिली. आठ पाकळ्यांचं फूल, एक पाकळी तुटकी. आमच्या साच्यातलं. तो साचा मामाजींच्या हातून पडला होता तेव्हापासून ती पाकळी तशी होती. म्हणजे ती आमचीच गाठी होती, आणि इतकी पांढरी म्हणजे त्याच आठवड्यात केलेली. बाईनेही ती ओळखली असेल. पाण्याच्या वाट्या असूनही मुंग्या आल्या, कुठून तरी छतावरून, दोऱ्यावरून.

बेबी अकराव्या दिवशी गेली. पाडव्याला आमच्याकडे गुढी नव्हती, कढई नव्हती. मामाजींनी साचे पुसून माळ्यावर टाकले. ते पुन्हा उतरले नाहीत. पुढच्या वर्षी लोक माघात विचारायला आले, तेव्हा आत्याबाई दारात उभ्या राहून फक्त मान हलवत होत्या.

बाईने मला कधी काही विचारलं नाही. लोकांना वाटेल की हे चांगलं झालं. ज्याला वाटेल त्याने तसं पन्नास वर्षं राहून बघावं. एकाच चुलीवर दोघींच्या भाकरी. ती थापायची, मी भाजायची. तिला पुढे मुलगा झाला, तो मी अंगाखांद्यावर वाढवला. माझी मुलं तिच्या मांडीवर झोपली. माझा नवरा गेला तेव्हा माझ्या बांगड्या तिने फोडल्या, हळूच, हाताला लागू न देता. पण पाक तिने पुन्हा केला नाही, आणि गोड खाणं सोडलं. चहासुद्धा बिनसाखरेचा. सणाला लोक आग्रह करायचे, "घ्या वो कौसाबाई, एक लाडू." ती लाडू ताटात घ्यायची आणि लेकरांना वाटून टाकायची.

आणि दहा वर्षांमागे तिलाच साखरेचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, गोड कमी करा. ती म्हणाली, "कुठून कमी करू?" त्या दिवशी दवाखान्यातून घरी येईपर्यंत आम्ही दोघी ऑटोत हसत होतो. पन्नास वर्षांतलं तेवढंच हसणं मला नीट आठवतं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या ओट्यावर आरोग्य केंद्राची आशा ताई आली होती, बायांना माहिती सांगायला. साप चावला तर काय, ऊन लागलं तर काय. मग म्हणाली, "आन भाजलं, तेल सांडलं, पाक सांडला, काहीई सांडलं तं पहिले पाणी. पाऊन घंटा नाई तं नाई, पंधरा-वीस मिनिट तरी धार सोडून ठेवायची. तूप नाई, चुना नाई, टूथपेस्ट नाई. पाणी." बाया माना हलवत होत्या. बाई तूर निवडत होती. तिचा हात सुपात थांबला. मी खाली मान घालून माझ्या सुपात बघत राहिले. मग तिच्या सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला. तिने ती सगळी तूर निवडली, एक खडासुद्धा राहू दिला नाही.

रात्री जेवताना ती म्हणाली, "डाळ चांगली झाली." एवढंच.

आता या वर्षीचं सांगते. रेखाने साचे खाली काढले त्या दुपारचं.

बाईने सकाळी गोळी घेतली होती आणि जेवली नव्हती. नको म्हणाली, भूक नाही. रेखा पोरीला आणायला शाळेत गेली. मी साचे ओल्या फडक्याने पुसत होते, कशाला ते मलाच माहीत नाही. वळून पाहिलं तर बाईचं तोंड घामाने थबथबलेलं, ओठ पांढरे, डोळे उघडे पण मला बघत नव्हते. हात थरथरत होते. साखर उतरली की असं होतं, ते डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, गोड द्या, लगेच. साखरेचा डबा हाताला येईना. फ्रिजमध्ये रेखाची लाल सरबताची बाटली होती, गुलाबाची. तीच घेतली. दाट पाक, बाटलीतून उतरता उतरत नव्हता. चमच्यात घेतला, तिच्या पाठीशी हात घालून तिला बसती केली आणि मनगट घट्ट धरलं, हलू नये म्हणून.

"बाई, घे. गिळ."

पहिला चमचा ओठांवरून ओघळला. दुसरा आत गेला. तिने गिळला. मग ती माझ्या हातातून मनगट ओढू लागली. आजारी माणसाचा जोर नव्हता तो. तरण्या बाईचा होता.

"हात सोड," ती म्हणाली.

"बाई, सरबत सांडन."

"हात सोड वो लहाने. पाणी टाकू दे मले. जळून राह्यली माही पोरगी. हात सोड."

मी सोडला.

खाटेजवळ पाण्याचा तांब्या होता. तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि स्वतःच्या मांडीवरच्या गोधडीवर ओतला. तिथे काही नव्हतं. घडी पडलेली गोधडी होती. तांब्या रिकामा झाला तरी ती तो धरूनच होती, तोंड खाली करून.

"अजून आण," म्हणाली.

मी उठले. माठातून तांब्या भरून आणला. तिने ओतला. अजून आण म्हणाली. मी आणला. पाणी खाटेखालून वाहत साच्यांपर्यंत गेलं. सहा तांबे झाले असतील. मध्ये मध्ये मी एक एक चमचा सरबत तिच्या तोंडात घालत होते, आणि ती गिळत होती, आणि ओतत होती.

मग तिचे हात हळूहळू थांबले. घाम वाळला. डोळ्यांत माणूस परत आला. तिने गोधडी चाचपली.

"हे वलं कायनं झालं वो?"

"पाणी सांडलं."

"कोनं सांडलं?"

"मी."

ती माझ्याकडे बघत होती. तिला आठवत होतं की नाही, मला माहीत नाही. ओठांवरून जीभ फिरवून तिने तोंड वाकडं केलं. "काय पाजलं मले? लयच गोड हाय." मी म्हटलं, सरबत. ती म्हणाली, "बिनसाखरेचा चहा कर आता. आन गोधडी उन्हात टाक."

मी गोधडी उन्हात टाकली. साचे भंगारात दिले नाहीत, ठेवलेही नाहीत. गॅस संपला होता त्या दिवशी रेखाने अंगणात चूल पेटवून त्यांच्यावर आंघोळीचं पाणी तापवलं. जुनं सागवान. चांगलं जळलं. गोड वास आला नाही.

कढई कलंडली त्या दुपारी पडवीत आम्ही चौघी होतो. आत्याबाई, बाई, मी आणि बेबी. बेबी अकराव्या दिवशी गेली. आत्याबाई त्यानंतर सात वर्षांनी. बाई आणि मी अजून आहोत.